कव्हर गाणी ऐकायची कशी: खेड्यातल्या नव्या श्रोत्यासाठी

गाणं संपतं, टाळ्या पडतात आणि मांडवातल्या मागच्या खुर्च्यांवरून एक वाक्य हमखास येतं, "मूळच्यासारखं नाही जमलं बा त्याले." ऑर्केस्ट्रा असो, भजन असो की शाळेचं गॅदरिंग, हे वाक्य चुकत नाही. मला ते पटत नाही. मूळच्यासारखंच हवं असेल तर मूळ गाणं मोबाईलमध्ये आहेच. दुसरा माणूस तेच गाणं गातो, तेव्हा त्यानं त्यात काय ठेवलं, काय सोडलं आणि स्वतःचं काय घातलं हे ऐकायचं असतं. हे ऐकणं शिकता येतं. त्यासाठी राग ओळखता यावे लागत नाहीत, की शहरातल्या मैफिलींना जावं लागत नाही.

मी आर्वी तालुक्यातल्या एका गावात राहतो आणि भजनी मंडळात टाळ धरतो. खाली लिहिलेलं सगळं मंडळातल्या पेटीवाल्या काकांजवळ बसून आणि रात्री मोबाईलवर एकच गाणं पुन्हा पुन्हा लावून शिकलेलं आहे. क्रमाने करा. पहिल्या दोन पायऱ्या गाळून थेट तिसरीवर उडी मारली, तर काहीच हाती लागत नाही.

काय काय लागेल

- वायरचा साधा इअरफोन. त्याला चार्जिंग लागत नाही, म्हणून लोडशेडिंगमध्येही चालतो. मोबाईलच्या स्पीकरवर तबल्याचा बाया, म्हणजे डाव्या हाताचा घुमणारा भाग, जवळजवळ ऐकूच येत नाही, आणि कव्हरमधला निम्मा बदल तिथेच झालेला असतो.
- आधी उतरवून ठेवलेली गाणी. बाजाराच्या दिवशी तालुक्याला गेलात की चांगल्या रेंजमध्ये ॲपमध्येच ऑफलाइन साठवून ठेवा. शेतात रेंज आली-गेली की गाणं मध्येच थांबतं आणि लय तुटते.
- एक वही.
- पेटी वाजवणारा ओळखीचा माणूस. बाकी सगळ्यावाचून भागेल, याच्यावाचून नाही. प्रत्येक गावात एक तरी असतोच.

१. समोर आलंय ते कव्हर आहे का, ते आधी पाहा

तेच शब्द, तीच चाल, पण गळा किंवा वाद्य दुसरं, हे कव्हर. बाकी बरंच काही कव्हरच्या नावाखाली फिरतं आणि नवा माणूस तिथेच गोंधळतो.

झंकार बीट्समध्ये गळा जुनाच असतो, त्यावर नंतर ढोलक आणि ड्रम चढवलेले असतात. डीजे मिक्स आणि स्लो-रिव्हर्बमध्येही मूळ ध्वनिमुद्रणच कापलेलं किंवा ताणलेलं असतं. हे कव्हर नव्हे. चाल सिनेमाची आणि शब्द गजानन महाराजांचे किंवा बाबासाहेबांवरचे, असं आपल्याकडे भरपूर आहे. भजनाच्या छोट्या पुस्तिकेत कवितेच्या वर 'चाल : अमुक गाणे' असं छापलेलं असतं. त्याची मजा वेगळी आणि मोठी आहे, पण ते नवं गाणं आहे.

आता एक नवी फसगत सुरू झाली आहे. संगणकाकडून एखाद्या दिवंगत गायकाचा आवाज बनवून त्यानं कधीच न गायलेलं गाणं 'गाऊन' घेतात. ते ऐकून "अरे, हे तर त्यांनीच गायलंय" असं समजू नका. त्यात श्वास कुठे घेतलाय ते ऐका. बऱ्याचदा तो सापडतच नाही, किंवा माणूस घेणार नाही अशा जागी सापडतो.

बाजारात भरून मिळणाऱ्या पेनड्राइव्हचीही काळजी घ्या. कॅसेटच्या काळात जुन्या गाण्यांच्या मूळ ध्वनिमुद्रणांचे हक्क एका कंपनीकडे असत आणि दुसरी कंपनी तीच गाणी नव्या गळ्यांकडून गाऊन घेऊन स्वस्तात विकत असे. कायद्यात त्याला वाव होता. टी-सीरीजने कुमार सानूंकडून 'किशोर की यादें' आणि सोनू निगमांकडून 'रफी की यादें' अशाच गाऊन घेतल्या. खेड्यापाड्यांत त्या इतक्या वाजल्या की पुष्कळ घरांत रफीसाहेबांची गाणी आधी सोनू निगमांच्याच गळ्यातून पोचली. पेनड्राइव्हमध्ये ही गाणी अनेकदा मूळ गायकाच्या नावावर टाकलेली असतात. वहीत नाव लिहिण्याआधी खात्री करा. त्यासाठी रेडिओ उत्तम. आकाशवाणी आणि विविध भारतीवर निवेदक गायक, गीतकार, संगीतकार अशी तिन्ही नावं सांगतात.

२. मूळ गाणं पाठ होईपर्यंत ऐका

शब्द पाठ असणं पुरेसं नाही. गाणं बंद करून तुम्हाला पुढच्या गोष्टी सांगता आल्या पाहिजेत: सुरुवातीला कोणतं वाद्य वाजतं, ध्रुपद किती वेळा येतं, दोन कडव्यांच्या मध्ये काय वाजतं, गायक सगळ्यात वर कुठल्या शब्दावर जातो आणि शेवट कसा होतो. हे सांगता येईपर्यंत कव्हरला हात लावू नका.

एका वेळी एकच गाणं घ्या. दहा गाणी अर्धवट ओळखीची असण्यापेक्षा एक पूर्ण ओळखीचं असलेलं बरं. निंदणाला, वेचणीला जाणाऱ्या बायांना हे सांगावं लागत नाही. त्यांच्याकडे गाणं कडव्यासकट असतं, आणि कुठे कुणाचा आवाज चढतो तेही ठाऊक असतं.

३. जोडी लावून ऐका

मूळ आणि कव्हर लागोपाठ ऐकायचं. आधी मूळ, मग कव्हर, मग पुन्हा कव्हर. शेवटी मूळ लावू नका, नाहीतर कान तिथेच चिकटून राहतो. सुरुवातीला या जोड्या घ्या.

*गीतरामायण.* १ एप्रिल १९५५ पासून आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून हे वर्षभर प्रसारित झालं. गदिमांची ५६ गीतं, सुधीर फडक्यांचं संगीत, आणि रेडिओवर गाणारे गळे वेगवेगळे. पुढे बाबूजींनी, म्हणजे फडक्यांनी, सगळीच गाणी स्वतः गायला सुरुवात केली आणि आज बहुतेक घरांत गीतरामायण म्हणजे त्यांचाच आवाज. म्हणजे इथे संगीतकारानेच आपल्या गाण्यांची, दुसऱ्यांनी आधी गायलेल्या गाण्यांचीही, पुन्हा मांडणी केली आहे. बाबूजींचं गाणं ऐकताना प्रत्येक शब्दाचा शेवट ऐका. एकही अक्षर ते गिळत नाहीत. मग तेच गीत गावातला कुणी रामनवमीला गातो तेव्हा त्याचं अक्षर कुठे सुटतं आणि कुठे त्याचं स्वतःचं वळण येतं, ते लगेच कळतं.

*घेई छंद मकरंद.* 'कट्यार काळजात घुसली' हे नाटक १९६७ सालचं, संगीत जितेंद्र अभिषेकींचं आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. वसंतराव आपल्या अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरचे, हे आपल्याकडच्या पोरांना माहीत असायला पाहिजे. २०१५ साली त्यावर सिनेमा आला तेव्हा खाँसाहेबांसाठी गायले त्यांचेच नातू राहुल देशपांडे. आजोबांच्या तानेत एक बेफिकिरी आहे. पुढे काय येणार याचा अंदाजच लागू देत नाहीत. नातवाचं गाणं जास्त आखीव आहे, आणि सिनेमाच्या पडद्यासाठी ते तसंच असायला हवं होतं. दोघांत श्रेष्ठ कोण हा प्रश्न इथे टाकू नका. नाटकात तीन तास समोर बसलेल्या लोकांसाठी गाणं आणि सिनेमातल्या काही मिनिटांसाठी गाणं, यात काय काय बदलावं लागतं ते ऐका.

*श्रद्धांजली.* १९९२ साली लताबाईंनी सैगल, रफी, मुकेश, किशोर यांची गाणी स्वतः गायली. ज्यांच्या गाण्यांची कव्हर सगळा देश करतो, त्यांनीच दुसऱ्यांचं गाणं गायलं तर काय होतं, हे इथे ऐकायला मिळतं. पुरुषांच्या गळ्याची गाणी बाईच्या गळ्यात आली की पट्टी, म्हणजे 'सा' धरायचा स्वर, बदलते, आणि पट्टी बदलली की गाण्याचा स्वभावही थोडा बदलतो.

एक अडचण इथेच सांगून ठेवतो. संतांच्या अभंगाला एकच एक मूळ नसतं. 'माझे माहेर पंढरी' आपण भीमसेनजींच्या गळ्यात ऐकतो. शब्द एकनाथांचे, चाल राम फाटकांची. पण अभंग वारकरी आपल्या पारंपरिक चालींवर कितीतरी पिढ्या गात आले आहेत. दिंडीत कुणी एखादा अभंग वेगळ्या चालीवर म्हटला तर "चाल चुकली" असं म्हणू नका. रेकॉर्डवरची चाल त्या चालीपेक्षा वयाने लहान असू शकते.

४. पट्टी, लय आणि ठेका ओळखा

ही पायरी जड वाटते, पण इथेच खरी गोडी लागते. घाई करू नका.

*पट्टी.* गायक ज्या स्वराला 'सा' मानून गातो ती त्याची पट्टी. पेटीवर ती बोटाने दाखवता येते. पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन अशी मोजणी असते. पुरुष बऱ्याचदा काळी एक-दोनच्या आसपास गातात, बायांची पट्टी काळी चार-पाचच्या आसपास असते. हा काही नियम नाही.

आमच्या मंडळात 'कानडा राजा पंढरीचा' बसवताना जे पाहिलं ते सांगतो. हे गाणं १९७० च्या 'झाला महार पंढरीनाथ' या सिनेमातलं, गदिमांचं, आणि बाबूजी व वसंतराव अशा दोन गळ्यांत आहे. आमच्याकडे गाणारे बुवा एकटे. काकांनी आधी रेकॉर्डच्या पट्टीत सूर धरला. बुवांनी ध्रुपद म्हटलं, वरच्या जागी मान हलवली आणि गप्प बसले. काकांनी काही न बोलता बोट दोन पट्ट्या खाली आणलं, भात्याचा दाब कमी केला. बुवांनी पुन्हा सुरुवात केली. वर जाणं आता जमलं, पण खालचा स्वर पुटपुटल्यासारखा झाला. मग अर्धी पट्टी वर. त्यावर गाणं बसलं. वसंतरावांच्या ताना बुवांनी सोडूनच दिल्या. त्या जागी त्यांनी 'विठ्ठल'चा नुसता गजर घेतला, आणि टाळकऱ्यांना आपोआप वाट मिळाली. मूळ गाण्यात दोन गवई एकमेकांना उत्तर देतात. आमच्याकडे एक माणूस गातो आणि सगळा पार उत्तर देतो. मागच्या खुर्चीवरच्या माणसाला त्यात "ताना नाही जमल्या" एवढंच ऐकू येतं, याचं मला वाईट वाटतं.

तुम्ही काय करायचं: पेटीवाल्याला विचारा, "काका, कोणत्या पट्टीत घेतलं?" आणि वहीत लिहा. काही दिवसांनी तुम्हाला न विचारताच अंदाज येऊ लागतो.

*लय.* मांडीवर बोट मारत ऐका. कव्हर मूळपेक्षा संथ आहे की चढं? संथ केलं असेल तर शब्द जास्त मोकळे होतात, पण दोन ओळींमधली रिकामी जागा कशाने तरी भरावी लागते. ती कशाने भरली, ते ऐका. भजनात बहुतेक वेळा लय हळूहळू चढत जाते आणि शेवटी लग्गी, म्हणजे तबल्याचा जलद ठेका, लागते. रेकॉर्डवर गाणं एकाच लयीत बांधलेलं असतं.

*ठेका.* दादरा सहा मात्रांचा, केरवा आठ मात्रांचा, रूपक सात मात्रांचा. बोटांवर मोजून पाहा. सिनेमाचं दादऱ्यातलं गाणं भजनी ठेक्यात बसवलं की शब्दांवरचे आघात सरकतात. कधी त्यामुळे नेमका हवा तो शब्द जोरात येतो, कधी नको त्या अक्षरावर हिसका बसतो. पहिलं झालं तर कव्हर चांगलं, दुसरं झालं तर मंडळाला अजून सरावाची गरज आहे, एवढं बेधडक म्हणता येतं.

५. मोबाईल ठेवा आणि गावातलं ऐका

उत्तम कव्हर ऐकायला आपल्याला लांब जावं लागत नाही.

*खंजिरी भजन.* राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९०९ साली यावलीत जन्मले, १९६८ साली मोझरीला त्यांचं निधन झालं. त्यांची 'या झोपडीत माझ्या', 'मनी नाही भाव' ही भजनं आपल्याकडे गावोगाव गातात. दोन गावांची मंडळं एकाच आठवड्यात ऐका. शब्द तेच, पण एका गावात खंजिरी पुढे आणि पेटी मागे, दुसऱ्यात उलटं. कुठे ओळ मागून सगळे उचलतात, कुठे फक्त शेवटचे दोन शब्द. ज्याने जे गावात पहिल्यांदा ऐकलं तेच त्याला मूळ वाटतं. तुमचंही तसंच होत असेल. एकदा दुसऱ्या गावच्या पारावर बसून पाहा.

*बँड आणि धुमाल.* इथे शब्दच नसतात. वरातीतला क्लॅरिनेटवाला गायकाची जागा घेतो. धुमालमध्ये, म्हणजे ढोलताशांच्या ताफ्यात, हे काम कॅसिओ (कीबोर्ड) करतो. 'झिंगाट' घ्या. 'सैराट'च्या संगीतासाठी अजय-अतुल यांनी हॉलिवूडच्या स्टुडिओत सिंफनी ऑर्केस्ट्रा वापरला होता. आपल्या बँडकडे क्लॅरिनेट, ट्रम्पेट, ढोल, झांज एवढंच असतं आणि वाजवणारा माणूस चालत असतो. चालता चालता फुंकायचं म्हणजे श्वास ओळीच्या शेवटी मिळेलच असं नाही. नीट पाहाल तर जुना क्लॅरिनेटवाला ओळीचा शेवटचा स्वर तोडून श्वास घेतो आणि तेवढ्यात ट्रम्पेटवाला तो स्वर धरतो. ऐकणाऱ्याला ओळ अखंड वाटते. हे पाहायचं असेल तर नाचणाऱ्यांच्या घोळक्यात न शिरता बँडच्या बाजूने चाला. ढोलाच्या अगदी जवळ मात्र नको. थोडं मागे राहा.

*झाडीपट्टी.* भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली भागात दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरू लागते आणि नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा हे नाटक कंपन्यांचं मोठं ठिकाण. प्रयोग रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतात, आणि गाणी रंगमंचाजवळ बसलेल्या वादकांच्या साथीने समोर गायली जातात. आमच्या वर्धा जिल्ह्यातून जायला लांब पडतं, तरी एकदा जाच. नट ओळखीच्या गाण्याचं एखादं कडवं घेतो, पब्लिक "वन्स मोअर" देतं, आणि दुसऱ्यांदा तो ते तसंच गात नाही. पहिल्या आणि दुसऱ्या खेपेतला फरक टिपा. एकाच माणसाने, एकाच रात्री, समोरच्या लोकांकडे पाहून केलेला बदल आहे तो. स्वेटर, पाण्याची बाटली आणि बसायला सतरंजी सोबत असू द्या.

शाळेच्या २६ जानेवारीलाही जात चला. 'जय जय महाराष्ट्र माझा' नागपूरच्या राजा बढे यांचं, संगीत श्रीनिवास खळे यांचं, आवाज शाहीर साबळे यांचा. २०२३ पासून ते राज्यगीत आहे. शाहिरांच्या डफाच्या जोशातलं गाणं जिल्हा परिषद शाळेतली चौथीची पोरं फक्त टाळ्यांवर म्हणतात तेव्हा ते कुठे वेग घेतं आणि कुठे सगळ्यांचा दम एकदम संपतो, हे ऐकण्यासारखं असतं.

६. गाणाऱ्याशी बोला, पण वेळ पाहून

कार्यक्रम संपल्या संपल्या तुलना करू नका. "बुवा, ते दुसऱ्या कडव्यात वर गेलात ते कसं सुचलं?" असं विचारलं की माणूस खुलतो. "रेकॉर्डमध्ये असं नाही" म्हटलं की मिटतो. बँडवाल्यांशी वरातीत बोलणं होत नाही. ते जेवायला बसतात तेव्हा शेजारी पत्रावळ घेऊन बसा.

वहीत प्रत्येक गाण्याखाली एवढंच लिहा: कुणी गायलं, कुठे, पट्टी, ठेका, काय सोडलं, काय घातलं. आवडलं की नाही ते शेवटी लिहा. आधी लिहिलं की बाकीचं ऐकू येईनासं होतं.

७. स्वतःच्या मंडळाचं गाणं टाकायचं असेल तर

लग्नाच्या वरातीत, लग्नाच्या कार्यक्रमात किंवा धार्मिक कार्यात गाणं गायला, वाजवायला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे. कव्हर रेकॉर्ड करून विकायचं असेल तर मात्र २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं कलम ३१-सी लागू होतं. मूळ गाणं पहिल्यांदा रेकॉर्ड झालं ते वर्ष संपल्यावर पाच वर्षं जावी लागतात, हक्कदारांना आधी कळवून किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी भरावी लागते. गावच्या मंडळाला ते झेपणारं नाही. विकण्याच्या भानगडीत पडू नका.

यूट्यूबवर टाकलं तर हक्कदार कंपनीचा दावा येऊ शकतो. दावा म्हणजे स्ट्राइक, म्हणजे चॅनलवरची कारवाई, नव्हे. बहुतेक वेळा व्हिडिओ राहतो, जाहिरातीचे पैसे कंपनीला जातात. घाबरून काढून टाकण्याआधी दाव्यात काय लिहिलंय ते वाचा. तयार कॅराओके ट्रॅक वापरला तर त्या ट्रॅकचा वेगळा हक्कदार असतो, म्हणून आपली पेटी आणि आपला तबलाच बरा. रेकॉर्ड करताना मोबाईल गायकासमोर न ठेवता पेटी आणि गायक यांच्या मध्ये, टाळांपासून लांब ठेवा. टाळ जवळ असले की बाकी काही ऐकू येत नाही. टाकण्याआधी पेटीवाल्याला आणि तबलजीला विचारा, आणि गायकाच्या नावाबरोबर त्यांचीही नावं लिहा. खाली मूळ कवी, संगीतकार आणि गायक यांची नावं द्या, ती वहीत असतीलच.